दिवेलागणीची अंडी

मैत्रिणींनो, 'चार दिवस तळेगावला चालले आहे' असे शेजारणीला सांगितले, तर ती लगेच म्हणाली, "मग लोणावळ्याची लोकल सोयीची पडेल तुम्हाला!" तिचे काही चुकले नाही. तळेगाव म्हटले की आपल्याला आठवते ते मावळातले तळेगाव दाभाडे, पैसा फंडाच्या काच कारखान्याचे. पण पुणे जिल्ह्यात तळेगावे दोन. एक सेनापती दाभाड्यांचे आणि दुसरे सरदार ढमढेऱ्यांचे. एक पावसातले, तर दुसरे शिरूर तालुक्यातले, कोरड्या उन्हातले. मला जायचे होते ते या दुसऱ्या तळेगावाला. तिथे माझी थोरली मावसबहीण असते. आम्ही तिला आक्का म्हणतो.

गेले वर्षभर आक्का फोनवर एकच गोष्ट सांगत होती, "अगं, एकदा येऊन माझी पाखरं बघून जा." पाखरे म्हणजे लावे. हॉटेलांच्या पाटीवर ज्याला 'बटेर' म्हणतात ना, तोच हा लावा. आक्काने अंड्यांसाठी लावे पाळले आहेत, एवढेच मला ठाऊक होते. आणखी एक गोष्ट ठाऊक होती, पण ती तिने सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात तिचा गळा मोकळा दिसला होता. आईने घातलेली बोरमाळ त्यात नव्हती. विचारले तर "कडी तुटलीय" म्हणाली. मी पुढे काही विचारले नाही. पण बोरमाळेची कडी तुटली तर सोनार दोन दिवसांत जोडून देतो, हे तुम्हाआम्हाला का कळत नाही?

तर मार्गशीर्षातल्या एका सकाळी पुण्याहून शिरूरकडे जाणारी एसटी धरली. येरवडा, वाघोली, लोणीकंद. पूर्वी वाघोली मागे पडली की दोन्ही अंगांना ज्वारीची राने लागायची. आता इमारती संपता संपत नाहीत. पेरणे फाट्याजवळ १८१८ सालच्या लढाईचा जयस्तंभ दिसला, मग भीमेचा पूल, पलीकडे कोरेगाव, सणसवाडीचे कारखाने, आणि शिक्रापूर. तिथे नगरचा हमरस्ता सोडून उजवीकडे न्हावऱ्याच्या रस्त्याला लागायचे, की थोड्याच अंतरावर तळेगाव ढमढेरे.

गाव वेळ नदीच्या काठी आहे. वेळ! काय नाव आहे बघा नदीचे. पावसाळ्यात तिची वेळ येते, एरवी ती आपली अंग चोरून वाहते आणि पुढे भीमेला मिळते. जुन्या वाड्यांची दगडी जोती काही ठिकाणी अजून शाबूत आहेत. काहींवर सिमेंटचे मजले चढले आहेत. गावात शाळा आहे, ढमढेरे महाविद्यालय आहे, आणि सकाळी पोरी पाठीला दप्तर लावून सायकलवरून, स्कूटीवरून भराभर जाताना दिसतात. आक्काची धाकटी त्यांच्यातलीच एक.

आक्काचे घर गावाबाहेर, मळ्यात. अडीच एकर जमीन. थोडा ऊस, कांदा, बाजरी, दारात दोन गाई. चासकमानच्या कालव्याचे आवर्तन आले की आनंद, नाहीतर विहीर आहेच. मी पोचले तेव्हा आक्का कांद्याच्या रोपाला खुरपत होती. गळ्याकडे माझी नजर गेली. मोकळाच होता. मी गप्प बसले.

"आधी पाखरं दाखव," मी म्हटले.

"आत्ता नको. दिवेलागणीला चल. आत्ता काय दिसायचं तुला?"

मला नवल वाटले. कोंबड्यांची अंडी सकाळी गोळा करतात, हे आपल्याला माहीत. आक्का हसली. "तीच तर गंमत आहे लावीची. ती सकाळी नाही देत. उन्हं कलली की सुरू करते, ते दिवे लागून अंधार पडेस्तोवर. दिवसभर मी रानात. संध्याकाळी हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, की मग माझा हा दुसरा कामाला वेळ. जणू माझ्यासारखीच्या सोयीनंच केलीय देवानं!"

रिकामी शेड

संध्याकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. ही शेड लाव्यांसाठी बांधलेली नव्हे. तिची कथा वेगळीच आहे.

दाजींनी, म्हणजे आक्काच्या यजमानांनी, २००४ साली ही ब्रॉयलर कोंबड्यांसाठी बांधली होती. पुण्याच्या परिसरात कोंबडीपालन जुने. १९७१ साली पुण्यात डॉ. बी. व्ही. राव यांनी अंडी उबवणीचा मोठा उद्योग उभारला, आणि १९८२ मध्ये अंड्याचा भाव उत्पादकांनीच ठरवावा म्हणून त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती झाली. त्या वाऱ्यात शिरूर, दौंड, हवेलीच्या कितीतरी शेतकऱ्यांनी शेडा घातल्या. दाजीही त्यांतलेच. पण २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. आपल्या देशातली ती पहिलीच साथ. नवापूर कुठे, तळेगाव कुठे! इथे एक पाखरू शिंकले नव्हते. पण लोकांनी भीतीने कोंबडी आणि अंडी खाणेच सोडले. दाजींची भरल्या वजनाची कोंबडी मातीमोल गेली. त्यानंतर शेडमध्ये कधी कडबा, कधी कांदा. पाखरू म्हणून नाही.

"म्हणून मी लाव्यांचं नाव काढलं तेव्हा ह्यांनी कपाळाला हात लावला," आक्का म्हणाली. "म्हणाले, एकदा हात पोळलेत, आता पंखाचं काही नको. मग मी म्हटलं, तुमचा पैसा नको. माझा मी घालते."

तो 'माझा' पैसा कुठून आला असेल, हे मला तेवढ्यात उमगले.

शेडच्या एका टोकाला तारेच्या जाळीचे पिंजरे, एकावर एक चार मजले. आत पाऊण-वीतभर लांबीची, गोल गरगरीत, तपकिरी पाखरे. नराची छाती विटकरी, मादीच्या छातीवर काळे ठिपके. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले की छातीवरूनच नर-मादी ओळखू येते. मादी नरापेक्षा थोराड असते, हेही मला नवीनच. पिंजऱ्याच्या उताराला अंडी घरंगळून आली होती. सुपारीपेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान. पांढुरक्यावर तपकिरी-काळे शिंतोडे, जसा कुणी शाईचा टाक झटकावा. एक अंडे दहा-बारा ग्रॅमचे, म्हणजे पाच अंडी घ्याल तेव्हा आपले एक कोंबडीचे अंडे होते.

"हे बघ," आक्काने दोन अंडी माझ्या तळहातावर ठेवली. "ह्याच्यावर मोठे डाग आणि ह्याच्यावर बारीक मोहरी. प्रत्येक लावीची नक्षी वेगळी, आणि ती जन्मभर तीच. ह्या कोपऱ्यातली मोहरीवाली चार दिवस थांबली तर मला बरोबर कळतं." सासरी आलेल्या प्रत्येक बाईची रांगोळी वेगळी असते, तसेच हे!

रानातला लावा आणि पिंजऱ्यातला

या सगळ्याला सुरुवातीला विरोध होता तो आक्काच्या सासूबाईंचा. वय ऐंशीच्या पुढे, पण ओसरीवर बसून सगळ्या मळ्यावर नजर. त्यांनी लहानपणी बाजरीच्या रानात पायाखालून भुर्रकन उठणारे लावे पाहिलेले. "रानातलं पाखरू हाय ते. त्याला कोंडून पाप कशाला घेतीस?" असे त्यांनी आक्काला पहिल्याच दिवशी सुनावले होते.

मैत्रिणींनो, आजींचे म्हणणे अर्धे खरे आहे, म्हणून हे नीट समजून घेऊ या. आपल्या माळरानावर, गवतात, पिकात जे लावे दिसतात ते रानपाखरेच आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांना पकडणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे. बाजारात कुणी फाशात धरलेले जिवंत लावे आणले तर स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. पिंजऱ्यातला लावा हा जपानी लावा. जपानात कित्येक शतकांपूर्वी तो आवाजासाठी पाळत, आणि विसाव्या शतकात अंड्यांसाठी पाळू लागले. आपल्याकडे तो १९७४ मध्ये अमेरिकेतून आणला गेला. पुढे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था निघाली. तिथे त्याच्या सुधारित जाती तयार झाल्या. त्यांतली 'कॅरी पर्ल' ही खास अंड्यांची. तामिळनाडूच्या नामक्कलचाही आपला वेगळा लावा आहे. इतकेच काय, १९९० मध्ये 'मीर' या अंतराळस्थानकात पहिले पिल्लू अंड्यातून बाहेर आले तेही या लाव्याचेच!

पण घरचा आणि रानचा यांत गफलत सरकारदरबारीही झाली. लावा म्हणजे वन्यपक्षी, म्हणून पाळायला परवाना लागे. २०११ मध्ये तर नवे परवाने देणेच थांबले. मग पाळणाऱ्यांनी दाद मागितली आणि २०१३ च्या अखेरीस जपानी लाव्यावरची ही अडचण दूर झाली. तरीही आक्का पिल्ले घेतल्याची पावती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवते. उद्या कुणी विचारले तर दाखवता यावी म्हणून. तुम्हीही ठेवा.

ती रात्र

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आक्काने एक दिवसाची तीनशे पिल्ले आणली. एक दिवसाचे लाव्याचे पिल्लू म्हणजे आठ ग्रॅम वजन, भुंग्याएवढा जीव. कोंबडीसाठीच्या जाळीतून ती चक्क चालत बाहेर पडतात. पाण्याच्या ताटलीत पाय घसरला तर बुडून मरतात, म्हणून ताटलीत गोट्या किंवा खडे घालावे लागतात. हे सगळे तिने विचारून घेतले होते. पुठ्ठ्याचे रिंगण केले, खाली तूस, वर गोणपाट, आणि उबेसाठी दोनशे वॉटचे दिवे. पहिल्या आठवड्यात या पिल्लांना ३५-३६ अंश ऊब लागते. मग दर आठवड्याला तीन-तीन अंशांनी कमी करत न्यायची.

पाचव्या रात्री दोन वाजता वीज गेली.

"मला जाग आली ती थंडीनं," आक्का सांगत होती. "शेडकडं पळत गेले. अंधारात नुसता चिवचिवाट. बॅटरी मारली तर सगळी पिल्लं एका कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर ढीग करून. ऊब शोधत होती बिचारी. खालची गुदमरून गेलेली. मी हातानं ढीग मोडायची, ती परत जमायची. दिवे आले ते उजाडल्यावर. मोजली. एकशे अठरा."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "हे आले, बघितलं, आणि एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं."

त्या सकाळी शेड कायमची बंदच व्हायची. पण आजी काठी टेकत आल्या. पाप म्हणणाऱ्या त्याच आजी! त्यांनी मेलेल्या पिल्लांकडे पाहिले, उरलेल्यांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "रडत काय बसलीस? जी जगलीत त्यांना रातच्याला काय करशील, ते बघ." मग त्यांनीच अडगळीतली कोळशाची शेगडी काढायला लावली. शेगडी मधोमध, तिच्याभोवती पत्र्याचा आडोसा, म्हणजे ठिणगी तुसात जायची नाही. आणि शेडची वरची झडप उघडी, म्हणजे कोंडलेल्या धुराने पिल्ले मरायची नाहीत. पुढच्या दहा रात्री सासू-सुना पाळीपाळीने शेगडीपाशी बसल्या. एकशे ब्याऐंशींपैकी एकशे सत्तर जगली. आता आक्काकडे इन्व्हर्टर आहे. पण शेगडीही कोळसे भरून तयार असते.

आजींचा प्रयोग

त्या पिल्लांनी सातव्या आठवड्यात अंडी द्यायला सुरुवात केली. पण आजींना एक गोष्ट काही केल्या पटेना. "अंडी घालते पण बसत नाय. ही कसली आई?" जपानी लावी बहुधा खुडूक होतच नाही. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठी पाळल्यामुळे तिचा उबवण्याचा गुणच गेला. तिची पिल्ले काढायची ती यंत्रात.

आजींनी मग काय करावे? त्यांची एक ठेंगणी गावठी कोंबडी खुडूक होती. तिच्याखाली त्यांनी गुपचूप बारा लाव्याची अंडी सारली. मनात एकवीस दिवस धरून बसल्या, कोंबडीचे असतात तसे. सतरा दिवस झाले आणि पाटीतून चिवचिव ऐकू आली. आजी दचकल्याच! लाव्याची पिल्ले सतरा-अठरा दिवसांतच निघतात. दोन अंडी कोंबडीच्या वजनाने फुटली होती, एक वांझ निघाले. बाकी नऊ पिल्ले. कोंबडी त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत होती, म्हणे. पण पंखाखाली घेतली.

"तेव्हापासून पाप हा शब्द बंद झाला," आक्का हळूच म्हणाली.

एक माणूस बॅग घेऊन आला

तुम्ही म्हणाल, पिल्ले जगली, अंडी आली, मग आता पैशांचा पाऊस! इथेच तर खरी मेख आहे.

दिवसाला शंभर-सव्वाशे अंडी यायला लागली आणि आक्काच्या लक्षात आले, की गावात ही खाणार कोण? किराणावाल्याने चार दिवस ठेवली आणि परत दिली. शेजारणी म्हणाल्या, एवढंसं अंडं, पोरांच्या दाताला लागायचं नाही. पाटीभर अंडी घरातच उकडून संपवली. त्याच सुमाराला एक माणूस बॅग घेऊन आला. गुळगुळीत कागदावर छापलेली माहिती. आमच्याकडून एक हजार पक्षी घ्या, आगाऊ रक्कम भरा, अंडी आणि पक्षी आम्हीच दामदुप्पट भावाने परत घेऊ. आक्काचे मन डळमळले. ओसरीवरून आजींनी विचारले, "बाबा, तू ही अंडी कुणाला इकणार?" तो म्हणाला, ते आमचं बघू. आजी म्हणाल्या, "मग आमचंबी आमी बघू."

एवढ्या एका प्रश्नाने घर वाचले. कारण असे पूर्वी झालेले आहे. इमू नावाच्या मोठ्या पक्ष्याचे वेड आठवते का? तामिळनाडूत २०१२ मध्ये तो डोलारा कोसळला. आपल्या महाराष्ट्रातही कितीजणांच्या कुंपणात न विकलेले इमू उरले. मग २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीच्या नावाने सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. पक्ष्याचा दोष कुठेच नव्हता. इमूही खरा, कडकनाथही खरा. खोटे होते ते एवढेच, की ज्याला खाणारे गिऱ्हाईक नाही त्याला भाव आहे असे दाखवले गेले. तिथे अंडी विकली जात नव्हती. एका शेतकऱ्याची पिल्ले दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारली जात होती.

आक्काने मग गिऱ्हाईक शोधले ते आपल्या पायांनी. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावच्या कारखान्यांत बिहारचे, बंगालचे, उत्तर प्रदेशचे कितीतरी कामगार आहेत. त्यांना बटेर नवी नाही. पहिल्यांदा तिने एका खानावळवालीला बारा अंडी फुकट दिली. ती आता आठवड्याला दीडशे घेते. नगर रस्त्यावरचे दोन ढाबे, पुण्याला जाणारा एक भाजीवाला, आणि धाकटीच्या महाविद्यालयातल्या बाईंचा घरगुती गट. एवढेच. म्हणून आक्काने शंभर माद्यांवर पाखरे वाढवलेली नाहीत. "खाणारं तोंड वाढलं की पाखरू वाढवीन," असे ती म्हणते.

पाळायची असतील तर

हे वाचून कुणा मैत्रिणीच्या मनात आले असेल, तर आक्काने सांगितलेले काही मुद्दे जसेच्या तसे देते.

पहिली गोष्ट हिशेबाची. एक मोठा लावा दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम खाद्य खातो. शंभर माद्यांना अडीच किलो धरा. नीट निगा असेल तर अंडी येतात पंचाहत्तर-ऐंशी. म्हणजे एका अंड्यामागे बत्तीसेक ग्रॅम खाद्य. खाद्य किलोला चाळीस रुपये पडत असेल तर एका अंड्यात सव्वा रुपयाचे नुसते खाद्यच गेले. वीज, वाहतूक, मेलेली पाखरे आणि तुमची मेहनत त्यावर. कुणी अंडे दीड रुपयाला मागितले तर नमस्कार करून पुढे चालू लागा.

दुसरी गोष्ट जागेची. एका कोंबडीच्या जागेत आठ-दहा लावे मावतात, हे खरे. पण पिंजऱ्याची उंची फुटाच्या आत ठेवा. लावा दचकला की पुढे पळत नाही, सरळ वर उसळतो आणि उंच पिंजऱ्यात डोके आपटून घेतो. नुसत्या अंड्यांसाठी नर लागत नाही. नराशिवायही मादी अंडी देते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. पिल्ले हवी असतील तर दोन-तीन माद्यांना एक नर पुरे.

तिसरी गोष्ट उजेडाची. अंडी चालू राहायला दिवसाचा आणि दिव्याचा मिळून चौदा ते सोळा तास उजेड लागतो. हिवाळ्यात आक्का सूर्य मावळल्यावर एक साधा दिवा रात्री दहापर्यंत ठेवते. उन्हाळ्यात मात्र काळजी उलटी. पत्र्यावर उसाचे पाचट, बाजूला ओली गोणपाटे, पाणी तीनदा बदलायचे.

चौथी गोष्ट घाणीची. विष्ठेला वास फार. रोज काढली नाही तर शेडमध्ये डोळे चुरचुरतात, आणि तुमचे चुरचुरतात तर पाखरांचेही. आक्का ती कुजवून कांद्याला घालते. मांजर, मुंगूस आणि घूस यांच्यासाठी जाळी जमिनीत वीतभर पुरलेली हवी.

आणि पाचवी गोष्ट. 'लाव्यांना रोगच होत नाही' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कोंबडीपेक्षा तो काटक असतो, पण बर्ड फ्लू त्यालाही सोडत नाही. पाखरे एकाएकी मरू लागली तर झाकून ठेवू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

ताटात आणि औषधात

लाव्याच्या अंड्याने दमा बरा होतो, बुद्धी वाढते, असे काहीबाही छापलेले आढळते. मैत्रिणींनो, ते अंडे आहे, संजीवनी नव्हे. वजनाला वजन धरले तर ते कोंबडीच्या अंड्याइतकेच पौष्टिक. त्यात पिवळ्याचे प्रमाण थोडे जास्त इतकेच. ज्या मुलाला कोंबडीच्या अंड्याची अॅलर्जी आहे, त्याला 'हे चालतं' म्हणून डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

चवीला मात्र छान! आक्काने केलेला रस्सा सांगते. अंडी उकळत्या पाण्यात चमच्याने अलगद सोडून चार मिनिटे ठेवायची आणि लगेच गार पाण्यात घालायची. कवच पातळ असते पण आतला पापुद्रा चिवट, म्हणून अंडे तळहाताखाली हलके फिरवून कवचाला बारीक तडे पाडायचे आणि पाण्यातच सोलायचे. कांदा आणि सुके खोबरे भाजून, आले-लसूण-कोथिंबिरीबरोबर वाटून, तेलात चांगले परतायचे. घरचा काळा मसाला, मीठ, गरम पाणी. रस्स्याला उकळी आली की अंडी सोडून पाच मिनिटांत उतरवायचे. माणशी सहा अंडी धरा. बरोबर बाजरीची भाकरी. अंडी अख्खीच्या अख्खी घासात येतात, पोरांना त्याचीच मौज!

निरोप

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि आक्का अंडी गोळा करत होतो. दाजी आले. काही न बोलता पाण्याची भांडी धुऊन भरू लागले. मी आक्काकडे पाहिले. ती म्हणाली, "गेल्या पावसाळ्यापासून रोज येतात. मी बोलावलं नाही."

मग मला राहवले नाही. मी विचारलेच, "आक्का, बोरमाळ?"

तिने भिंतीतल्या कोनाड्यातून वही काढली. शाळेची, दोनशे पानी. तारीख, अंडी, खाद्य, जमा, खर्च. गेल्या दिवाळीच्या पानावर एक ओळ होती, 'माळ सोडवली.' खाली दोन रेघा. ते पैसे ऊसाचे नव्हते, दुधाचे नव्हते. खेड्यातल्या कितीतरी घरांत गाईचे पैसे घराचे असतात. पण कोंबडीचे, अंड्याचे पैसे बाईचे, हा जुना रिवाज आहे. त्या पैशातूनच मुलीच्या बांगड्या येतात, भावाला पाठवणी होते, आणि कधी कधी बाईला 'नाही' म्हणायचे बळ येते. आक्काने तोच जुना रिवाज जरा लहान अंड्यांवर चालवला आहे.

"मग घालत का नाहीस?"

"घालीन गं. पण ट्रंकेत आहे तीच बरी. पुढच्या वेळेला वीज गेली तर?" आणि ती हसली.

सकाळी एसटीला निघताना आजींनी माझ्या पिशवीत पत्र्याचा डबा ठेवला. बाजरीच्या भुसात रुतवलेली पन्नास अंडी. "पुन्याला कुनाला तरी दे," त्या म्हणाल्या, "आन् इचार, रोज घेनार का म्हून."

मी विचारले. माझ्या त्या लोणावळ्याच्या लोकलवाल्या शेजारणीलाच. तिने दोन डझन सांगितली आहेत, दर शनिवारी.